आईच्या डब्यातली बटणं

ती. आई, ती. बाबा,
सा. न.

आधी एक कबुली देते. मागच्या महिन्यात त्या शनिवारी मी दिवसभर फोन उचलला नाही आणि रात्री "कामात होते" म्हणाले, ते खोटं होतं. मी मॅच बघायला गेले होते. स्टेडियममध्ये, आयुष्यात पहिल्यांदा. मैत्रिणीकडे एक तिकीट उरलं होतं, तिने ऐन वेळी विचारलं आणि मी हो म्हणून बसले. तुम्हाला सांगायचं धाडस झालं नाही, कारण बाबा, माझ्या आधी तुम्ही जायला हवं होतं. दादाच्या त्या चार वर्षांत आणि नंतर माझ्या फीमध्ये तुमचं जाणं राहून गेलं, हे मी विसरलेले नाही.

आत बसल्यावर पहिल्या दोन-तीन ओव्हर मला काही कळेचना. कॉमेंट्री नाही. चेंडू बॅटला लागलेला दिसतो आणि आवाज मागाहून येतो. शंभर मीटरवर बसलं तर जेमतेम 0.3 सेकंदांचा फरक, पण कानाला जाणवतो. मग बोलर रन-अपच्या टोकाकडे परत चालला होता, तेवढ्यात कव्हरचा फिल्डर दोन पावलं आत आला, पॉइंट जरा मागे सरकला. टीव्हीवर त्या वेळी रिप्ले चालू असतो, हे कधी दिसतच नाही. आणि मला एकदम आपली सतरंजी दिसली. मधोमध काड्यापेटी म्हणजे पिच, ट्रान्झिस्टरवर बाळ ज. पंडितांची मराठी कॉमेंट्री, आणि तुम्ही आईच्या शिवणाच्या डब्यातली बटणं एकेक करून सरकवताय. कोटाचं मोठं तपकिरी बटण विकेटकीपर. दोन भोकांचं पांढरं माझं, कायम मिड-ऑनला. मी तुमच्या मांडीवर झोपून गेले तरी त्याची जागा तुम्ही दुसऱ्या कुणाला दिली नाहीत. एवढ्या गर्दीत मला रडू आलं. बटणं आपली आपण चालत होती, बाबा.

1983 च्या फायनलमध्ये रिचर्ड्सच्या कॅचसाठी कपिल किती लांबून पळाला ते टीव्हीवर नीट कळलंच नाही, असं तुम्ही अजून म्हणता. मैदानावर ते कळतं. म्हणून तीन तिकिटं काढली आहेत. विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर तुम्ही "पुढच्या वर्षी बघू" म्हणाला असता.

टेस्टच घेतली आहे. एकतर तुमच्या लेखी क्रिकेट म्हणजे टेस्ट. लक्ष्मण-द्रविडने 2001 साली 14 मार्चला दिवसभर विकेट पडू दिली नाही, त्या दिवशी तुम्ही कुठे होतात ते आईला माहीत आहे. दुसरं म्हणजे टेस्टमध्ये घाई नसते. लंचचा 40 मिनिटांचा ब्रेक, टीचा 20 मिनिटांचा, तेवढ्यात सावकाश जाऊन येता येतं. बाथरूम आपल्या रांगेच्या अगदी मागे आहे, मी स्वतः बघून आले. जिना नाही, उतार आहे. सीट कडेच्या आहेत, पाय लांब करता येतील. बोलरच्या मागे बसायला हवं होतं, तिथून स्विंग दिसतो, हे मला मान्य आहे. पण पिच उत्तर-दक्षिण असतं आणि दुपारची सावली आधी पश्चिमेच्या स्टँडला मिळते. या वेळी सावली घेऊया.

बाबा, गेटवर व्हीलचेअर सांगून ठेवली आहे. रागावू नका. तुम्ही रोज चालता, डॉक्टरही खूश आहेत, मला ठाऊक आहे. पण गेटपासून सीटपर्यंतच्या चालण्यात मलाच धाप लागली. तुमचे पाय चांगला शॉट बसल्यावर उभं राहायला हवे आहेत.

आता नीट ऐका. सकाळची बीपीची गोळी घेतल्याशिवाय निघायचं नाही. दुपारच्या गोळ्या आणि डॉक्टरांची चिठ्ठी शर्टाच्या वरच्या खिशात. मोठी पिशवी, पाण्याची बाटली आणायची नाही, आत सोडत नाहीत. पाणी आत मिळतं. टोपी दोघांनीही घालायची. कानातलं मशीन आदल्या रात्री चार्ज करून ठेवा. छातीत जरासं जरी वाटलं तरी लगेच सांगायचं, ओव्हर संपेपर्यंत थांबायचं नाही. टीनंतर दमलात तर निघू, मी एका शब्दाने काही म्हणणार नाही.

आई, तुला क्रिकेटचं फारसं काही नाही, तरी तुझं तिकीट काढलं आहे. बटणं तुझी होती. डाव संपला की तू ती मोजून डब्यात परत ठेवायचीस आणि एक जरी कमी भरलं तरी आम्हाला दिवाणाखाली शोधायला लावायचीस. कंबरेसाठी उशी मी आणते, तू काही आणू नकोस.

फक्त ते तपकिरी बटण अजून डब्यात आहे का, तेवढं बघून ठेव.

तुमची,
चिमी