आधी बिजागरी बघ

प्रिय मित्रा,

लॅपटॉप घ्यायचाय, पैसे बेताचे आहेत आणि निदान पाच वर्षं तरी तो टिकायला हवा, असं तू लिहिलंयस. फोनवर घाईघाईत सांगण्यापेक्षा सविस्तर लिहावं म्हटलं, कारण या बाबतीत मी एकदा पोळलोय.

माझा पहिला लॅपटॉप नवाकोरा होता. तेवढ्या पैशात त्याचाच प्रोसेसर सगळ्यात जलद, म्हणून घेतला. दोन वर्षांनी एकदा झाकण उघडताना कट् असा आवाज आला आणि उजव्या कोपऱ्यातलं प्लास्टिक फुगून वर आलं. दुरुस्ती करणाऱ्याने तो माझ्यासमोरच उघडला. बिजागरी धातूची, धडधाकट होती. पण तिचे स्क्रू ज्या चिमुकल्या पितळी नटांत पिळले होते, ते नट नुसत्या प्लास्टिकमध्ये रुतवलेले! बिजागरी घट्ट होत गेली, रोज ओढ बसत राहिली आणि नट प्लास्टिकच्या तुकड्यांसकट उपटून आले. त्यातला एक मी तळहातावर घेऊन कितीतरी वेळ बघत होतो. मदरबोर्ड, स्क्रीन, कीबोर्ड, सगळं ठणठणीत. आणि तरीही लॅपटॉप बंद करायची सोय राहिली नव्हती.

तेव्हापासून माझं मत पक्कं झालंय. हात आखडता असेल तर सगळ्यात स्वस्त नवा लॅपटॉप घेऊ नये. ऑफिसात वापरलेला, चांगल्या बांधणीचा जुना घ्यावा. लेनोव्होच्या थिंकपॅडची टी मालिका, डेलचे लॅटिट्यूड, एचपीचे एलिटबुक ही त्यातली ओळखीची नावं. कंपन्या असे लॅपटॉप शेकड्यांनी घेतात आणि करार किंवा वॉरंटी संपली की एकगठ्ठा विकून टाकतात. त्यांच्याकडचे तंत्रज्ञ ते सारखे उघडणार हे बनवणाऱ्याला ठाऊक असतं. म्हणून कुठला स्क्रू कुठे आणि कुठला भाग आधी काढायचा, हे चित्रांसकट सांगणारं दुरुस्तीचं मॅन्युअल या तिन्ही कंपन्या सगळ्यांसाठी खुलं ठेवतात. सुटे भागही बरीच वर्षं मिळत राहतात. टिकाऊपणा म्हणतात तो मला यातच दिसतो. 'लष्करी दर्जा' असं लिहिलेलं दिसलं तर तेवढ्यावर भाळू नकोस. त्यामागचं मिल-एसटीडी-८१० हे अमेरिकी लष्कराचं मानक म्हणजे चाचण्यांची पद्धत आहे, त्यातल्या कुठल्या चाचण्या घ्यायच्या हे कंपनीच ठरवते.

किती जुना चालेल? विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट, म्हणजे सुरक्षेचे मोफत अपडेट, १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ ला इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. आय५-८२५०यू असं लिहिलेलं असेल तर रेघेनंतरचा ८ म्हणजे आठवी पिढी. आय५-७३००यू असेल तर सोडून दे. विंडोजऐवजी लिनक्स ही मोफत ऑपरेटिंग सिस्टिम वापरायची तयारी असेल तर ही अट गळून पडते, पण तुझं काम विंडोजवरचं आहे.

२०१८ च्या थिंकपॅड टी४८० बद्दल मला विशेष आपुलकी आहे. रॅमच्या दोन्ही पट्ट्या काढता-घालता येतात, बॅटऱ्या दोन असतात आणि त्यातली मागची खटका सरकवला की हातात येते. टी४८०एस मात्र वेगळा, त्यात थोडी रॅम मदरबोर्डवरच कायमची डकवलेली असते. नावातल्या एका अक्षराने एवढा फरक पडतो, म्हणून मॉडेलचं नाव नीट वाच. रॅम आज ८ जीबी असली तरी चालेल, पण दुसरी पट्टी घालायची जागा हवी. फायली साठवणारी एसएसडीही बदलता येणारी हवी. स्वस्तातल्या काही नव्या लॅपटॉपमध्ये एसएसडीऐवजी ईएमएमसी नावाची साठवणीची चिप असते, ती बोर्डवरच जोडलेली, त्यामुळे ती गेली की सगळंच अडतं.

आता हातात घेऊन बघायचं ते. झाकण दहा वेळा हळूहळू उघड-मीट कर आणि नजर बिजागरीपाशी ठेव; कोपऱ्यात फट पडत असेल किंवा कुरकुर ऐकू आली तर उठून ये. टचपॅड वर उचललेला वाटला तर खालची बॅटरी फुगली असण्याची शक्यता मोठी. कीबोर्डचं एकेक बटण दाब. मग कमांड प्रॉम्प्ट उघडून इंग्रजीत पॉवरसीएफजी, एक स्पेस, तिरकी रेघ आणि तिला जोडून बॅटरीरिपोर्ट (powercfg /batteryreport) टाईप कर. जो अहवाल तयार होतो त्यात बॅटरीची मूळ क्षमता आणि आता पूर्ण चार्ज झाल्यावर उरणारी क्षमता, दोन्ही आकडे असतात. दुसरा आकडा पहिल्याच्या निम्म्यावर आला असेल तर नव्या बॅटरीचे पैसे धरूनच भाव कर. बॅटरी झिजणारच, तेवढ्यासाठी चांगला लॅपटॉप नाकारू नकोस.

एक गोष्ट मात्र अजिबात विसरू नकोस. लॅपटॉप सुरू होताना थिंकपॅडवर एफ१, डेलवर एफ२, एचपीवर एफ१० दाबून बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्याही आधी चालणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये जा. तिथे पासवर्ड मागितला आणि विकणाऱ्याला तो माहीत नसेल, तर कितीही स्वस्त असो, घेऊ नकोस. विंडोज नव्याने टाकून इंटरनेट जोडल्यावर कुठल्यातरी कंपनीचं लॉगिन मागत असेल तरी तेच, तो अजून त्या कंपनीच्या नोंदीतून सुटलेला नाही.

घ्यायला जाशील तेव्हा सवडीने जा. बॅटरीचा अहवाल आणि बिजागरीचे दोन्ही बाजूंनी काढलेले फोटो पैसे देण्याआधी मला पाठव. कुठला दिवस ते आधी कळव, त्या दिवशी मी फोन हाताशी ठेवीन.

तुझा,
जुना दोस्त