गेमिंग स्पर्धेतल्या स्टॉलला रेंजची जागा द्या

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

मी दारव्हा तालुक्यातल्या एका खेड्यात राहते आणि घरीच टी-शर्ट छापते. छातीवर गेमच्या कंट्रोलरचं चित्र, खाली ‘काऊन बे?’ किंवा ‘थांब ना बाप्पा’. टी-शर्ट २५० रुपये, कीचेन ५०, स्टिकर १०. मंगल कार्यालयात मोबाइल गेमच्या स्पर्धा भरतात, तिथे ३०० रुपये भाडं भरून स्टॉल लावते.

गेल्या महिन्यात स्टॉल मागच्या बाजूला, टिनाच्या शेडमध्ये दिले. तिथे रेंजच नाही. क्यूआरवर पैसे आले की बोलून सांगणारा साउंडबॉक्सही सिमवरच चालतो, तो दिवसभर मुका. आत खेळाडूंसाठी ब्रॉडबँड घेतलेलं होतं. पासवर्ड मागितला तर आयोजक म्हणाले, तुम्ही सगळे जोडले की पिंग, म्हणजे सिग्नल जाऊन यायला लागणारा वेळ, वाढतं आणि गेम अडकतो. हे खरं आहे, मलाही पटतं. पण मग आमची सोय कोणी पाहायची?

दुपारी एका मुलाने माझ्या क्यूआरचा फोटो काढला आणि फाटकाबाहेर जाऊन पैसे पाठवले. परत आला तेव्हा स्क्रीनवर ‘प्रोसेसिंग’ आणि फिरणारं चक्र. “ताई, माह्या खात्यातून त कटले, पाहा ना. बस सुटते माही.” त्याचा चेहरा खोटा नव्हता. मी टी-शर्ट दिला.

पैसे मला आलेच नाहीत, त्याच्याच खात्यात परत गेले. रिझर्व्ह बँकेचा २०१९ चा नियम आहे: दुकानदाराला न पोचलेली रक्कम पाच दिवसांत परत करायची, पुढे उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाई. चांगला नियम आहे, गिऱ्हाइकाचा पैसा सांभाळतो. माल मात्र आमच्या हातून गेलेला असतो.

टी-शर्टच्या पिशवीवरच्या माझ्या नंबरवर फोन करून त्या मुलाचे वडील बाजाराच्या दिवशी आले. बंडीच्या आतल्या खिशातून चार घड्या केलेल्या नोटा काढल्या, २५० मोजले. “पोराले समजलं नाही, बाई.” माझे डोळे भरून आले. पण प्रत्येक बाप असा शोधत येईल या भरवशावर धंदा कसा करायचा? त्याच दिवशी आणखी दोन टी-शर्ट असेच गेले, ते गेलेच.

पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर २०२५ च्या कायद्याने बंदी आली. ई-स्पोर्ट्स, म्हणजे पैज न लावता कौशल्यावर खेळायच्या गेमच्या स्पर्धा, त्यात येत नाहीत, तरी गावात गेमिंग म्हटलं की लोक आधी संशयाने बघतात. त्यात स्टॉलवर ‘दिले, नाही दिले’ अशी तंडणं नकोत. आयोजकांनी जाहिरातीतच लिहावं की थोडे रोख पैसे आणा. बऱ्याच शाळकरी पोरांकडे तसंही स्वतःचं खातं नसतं. ती बाबांना फोन लावतात आणि बाबा वावरात कापूस वेचत असतात. दहाच्या सुट्या नोटा आम्ही आणू.

आणि पुढच्या वेळी स्टॉल समोरच्या व्हरांड्यात द्यावेत. तिथे मोबाइल धरून मी स्वतः पाहिलंय, रेंज पूर्ण येते.

आपली,
एक स्टॉलवाली, ता. दारव्हा, जि. यवतमाळ