काका, जोर माझाच आड येत होता

ती. काका,
सा. न. वि. वि.

तुमचे आभार समोर बसून मानायला गेलं की तुम्ही चष्मा पुसायला घेता, नाहीतर "कुरिअरवाला आला का गं?" म्हणून विषय बदलता. मागच्या रविवारी तर सरळ उठून गच्चीवर पाण्याची टाकी बघायला गेलात. म्हणून हे उघडं पत्र. सोसायटीतले वाचतील, माझी फराळाची गिऱ्हाइकं वाचतील, आणि सूनबाई तुम्हाला फोनवर अक्षरं मोठी करून देतील. आता कुठल्या टाकीवर जाल?

बारा वर्षं आपण एकाच जिन्याने ये-जा करत होतो. माझ्या लेखी तुम्ही "तळमजल्यावरचे, मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत टूलरूमला, म्हणजे साचे-हत्यारं बनवायच्या खात्यात, होते ते" एवढेच. तुमच्या लेखी मी बहुधा "वरची, जिच्या घरातून ऑक्टोबरभर तळणीचा वास येतो ती". खरी ओळख झाली ती चाकूमुळे.

२०२३ च्या दिवाळीत माझा भाचा पुण्याहून आला होता. खाली गॅरेजमध्ये पार्सलांच्या टेबलावर मी वीस रुपयांच्या कटरने टेप कापत होते, त्याला माझी कीव आली. बॅगेतून त्याने घडीचा चाकू काढला. "मावशी, हा ठेव. फ्लिपर आहे." पातं मुठीत मिटलेलं असतं, आणि मुठीच्या पाठीवर, पातं जिच्याभोवती फिरतं त्या खिळीपाशी, हरभऱ्याच्या डाळीएवढं एक टोक बाहेर डोकावत असतं. ते टोक पात्याचंच. तर्जनीने ते खेचलं की पातं गर्रकन फिरून बाहेर येतं आणि टक्कन बसतं. आत स्प्रिंग नाही, बटण नाही, सिनेमातल्या रामपुरीसारखं काही नाही. जे आहे ते बोटाचं. भाच्याने दहा वेळा उघडून दाखवला आणि दुसऱ्या दिवशी तो गेला पुण्याला.

माझ्या हातात चाकू हलेना. जेवढा जोर लावावा तेवढा तो हट्टाला पेटायचा. कधी अर्ध्यावर येऊन लोंबकळायचा, ते तर आणखी भीतीचं. फोनवर व्हिडिओ पाहिले. त्यातली मुलं चाकू उघडतात की टाळ्या मिळवतात तेच कळत नाही. त्यांचं बघून मी मनगटाला झटका द्यायला लागले. तिसऱ्या झटक्याला चाकू हातातून सुटला आणि चकलीच्या भाजणीच्या डब्यात जाऊन रुतला. भाजणी फेकावी लागली, पाच किलो. बोटं वाचली हे नशीब.

तुम्ही ओट्यावर बसून हे सगळं बघत होतात हे मला नंतर कळलं. "आण इकडे," म्हणालात. मला वाटलं उघडून दाखवाल. तुम्ही चाकू एकदा उजेडात धरलात, उलटसुलट केलात आणि मिटलेलाच माझ्या हातात परत दिलात. मग बघत राहिलात माझ्या हाताकडे. "चाकूत काही दोष नाही. तुझी तीन बोटं कुठे आहेत बघ."

तीन बोटं होती मुठीच्या पोलादी बाजूवर, घट्ट आवळलेली. कुरिअरच्या पावतीच्या पाठीवर तुम्ही पेन्सिलने काढून दाखवलंत ते चित्र माझ्याकडे अजून आहे. मुठीची ती बाजू उभी चिरलेली असते, आणि चिरलेली पट्टी हाच चाकूचा खटका. पातं उघडलं की पट्टी आत झुकून त्याच्या बुडाला अडते, म्हणून ते बोटांवर मिटत नाही. त्याच पट्टीच्या आतल्या अंगाला साखरेच्या दाण्याएवढा एक छर्रा बसवलेला असतो. चाकू मिटलेला असताना छर्रा पात्याच्या बुडातल्या खळग्यात बसतो आणि पातं आपोआप उघडू देत नाही. "आता तू मूठ आवळतेस, म्हणजे पट्टी आत दाबतेस, म्हणजे छर्रा खळग्यात आणखी रुततो. आतून दार लावून धरायचं आणि बाहेरून धक्के मारायचे, असं चाललंय तुझं."

काका, महिनाभर मी माझ्याशीच कुस्ती खेळत होते.

बोटं पट्टीवरून काढून मुठीच्या कडेकडेने ठेवायला लावलीत, आणि पातं जिथून बाहेर पडतं त्या फटीवर एकही बोटाचं टोक येत नाही ना हे वाकून पाहिलंत. माझीच पॅकिंगची टेप घेऊन तिची एक पट्टी धारेवर चिकटवलीत. "शिकताना धार झाकायची. टूलरूमला आलेल्या प्रत्येक पोराला हेच." मग दिव्याच्या खटक्यांची गोष्ट सांगितलीत. जुन्या वाड्यात काळ्या बेकलाइटचा गोल खटका असायचा ना, तो आपण भिंतीत चेपत नाही, खाली पाडतो. या चाकूचं टोकही तसंच खाली पाडायचं. दुसऱ्या एखाद्या चाकूचं टोक दारावरच्या घंटीसारखं सरळ आत दाबायचं असेल, ते त्याच्या आकारावरून कळतं. आणि हळूहळू ढकलायचं नाही. छर्रा एका मर्यादेपर्यंत धरून ठेवतो आणि मग एकदम सोडतो; तोवर बोटात जोर साठू द्यायचा आणि सुटला की थांबायचं नाही. "अर्ध्यावर लोंबकळला की समज, बोट घाबरलं."

एवढं बोलून तुम्ही पेपर वाचायला घेतलात. माझे प्रयत्न चालू. कुरिअरचा मुलगा आला, तोही पायरीवर बसून मोजायला लागला. सदतीस, अडतीस. एकोणचाळिसाव्याला टक्क! तुम्ही पेपरातून मान वर न करता म्हणालात, "हा खरा आवाज. हा लक्षात ठेव."

मिटवण्याचा धडा दुसऱ्या दिवशी. उघडल्यावर तेच टोक फिरून पुढे येतं आणि तर्जनीच्या पुढ्यात बांध घालतं, म्हणजे हात निसटून धारेवर जात नाही. मिटवताना अंगठ्याने पट्टी बाजूला सारायची, पातं सैल सोडायचं. आधी हे बोथट टोक तर्जनीला येऊन टेकतं. तिथे थांबायचं, तर्जनी काढायची, मग पुढे मिटवायचं. धार बोटापर्यंत पोचतच नाही. ज्याने कुणी हे योजलं त्याला माझ्याकडून एक डबा करंज्या.

आता २०२४ च्या गोकुळाष्टमीकडे येते. त्या आठवड्यातला पाऊस बडोद्यात कुणाला सांगायला नको. विश्वामित्री नदीने २५ फुटांची धोक्याची खूण कधीच मागे टाकली होती, आजवा धरणाचं पाणीही येतच होतं. दिवस उजाडला तेव्हा आपल्या जिन्याच्या चार पायऱ्या दिसेनाशा झाल्या होत्या. तुम्ही आणि काकू आमच्याकडे वर आलात. टीव्ही खाली राहिला, गाद्या खाली राहिल्या. तुम्ही आणलीत काकूंची औषधं आणि तुमची हत्यारांची पेटी. काकू अजून त्यावरून बोलतात. संध्याकाळी समोरच्या गच्चीवरून कुणी "मगर, मगर" ओरडलं आणि सगळे खिडकीला लोटले. कडुलिंबाचा ओंडका निघाला. गावात खऱ्या मगरी फिरत होत्या, त्यामुळे कुणी हसलं नाही.

पाणी उतरल्यावर गॅरेज उघडलं. गणपतीच्या ऑर्डरीचे खोके लगदा होऊन एकमेकांना चिकटले होते. टेबलाच्या खणात बोटभर गाळ आणि गाळात चाकू. पात्यावर नारिंगी ठिपके, आणि खिळीपाशी तर गूळ वितळून बसावा तसा तांबडा थर. एका दुकानदाराला दाखवला तर म्हणाला, "बेन, नाखी दो, नवुं लई लो." मी टाकणारच होते. तुम्ही तुमच्या घराबाहेर पायरीवर बसला होतात. आत चिखल, भिंतीवर कमरेएवढी ओल, कपाटाची दारं फुगलेली. माझ्या हातातला चाकू पाहून म्हणालात, "काट लागलाय. आण." (गंजाला काट म्हणणारे आपण बडोदेकरच. पुण्याच्या भाच्याला वाटलं काकांना काटा लागला.)

मी म्हटलं, काका, तुमचं घर बघा आधी. तुम्ही म्हणालात, "हात रिकामे राहिले की डोकं आत जातं."

यावर मी तेव्हा काही बोलले नाही. पत्र लिहायचं खरं कारण तेवढं एक वाक्य आहे.

आधी स्वच्छ पाण्याने धुतलात. मला वाटायचं, गंजलेल्या वस्तूला पाणी म्हणजे विष. पण पुराच्या गाळात काय काय असतं, तो तसाच ठेवून तेल चोळलं तर तेलाखाली गंज चालूच राहतो. मग रात्रभर घासलेटमध्ये. दुसऱ्या दिवशी खिळीचा स्क्रू. सहा पाकळ्यांचं फुलासारखं डोकं, त्यात गाळ बसलेला. सुईने एकेक पाकळी कोरून काढलीत. पेचकस घातला, स्क्रू हलेना. मी आपली सवयीने म्हटलं, जोर लावा. तुम्ही नुसते माझ्याकडे पाहिलंत. वीज परत आलीच होती; सोल्डरिंगची इस्तरी तापवून स्क्रूच्या डोक्यावर अर्धा मिनिट टेकवलीत. कारखान्यात पेचांना डिंकासारखं औषध लावतात म्हणे, सैल होऊ नये म्हणून. ते उष्णतेने नरम पडतं. मग नुसत्या दोन बोटांनी स्क्रू फिरला.

आणि पातं सुटं झाल्यावर त्याच्या बुडावरची अक्षरं तुम्हाला दिसली: डी २. तुमचा चेहरा असा काही खुलला! "अगं, हे तर आपलं एचसीएचसीआर! हाय कार्बन, हाय क्रोमियम!" पंच आणि डाय, म्हणजे पत्रा कापायचे-ठोकायचे साचे, ज्याचे बनवता बनवता तुमची नोकरी संपली तेच पोलाद. १००० अंशांच्या वर तापवून नुसत्या हवेत थंड केलं तरी कडक होणारं. त्यात १२ टक्क्यांच्या आसपास क्रोमियम. साडेदहा टक्क्यांपासून पोलादाला स्टेनलेस म्हणतात, मग हे गंजलं कसं? तर कार्बन आहे दीड टक्का, आणि तो क्रोमियमला ओढून आपल्यात बांधून ठेवतो. पृष्ठभागावर संरक्षक थर धरायला मोकळं क्रोमियम पुरेसं उरत नाही. धार महिनोन्‌महिने टिकते ती याच कार्बनमुळे, आणि काट लागतो तोही त्याच्यामुळेच. चिखलाने भरलेल्या घराच्या पायरीवर बसून तुम्ही हे मला सांगत होतात, आणि काकू आतून फडकं पिळता पिळता म्हणत होत्या, "सुरू झालं यांचं."

गंज घासायला तुम्ही मलाच लावलंत. बारीक स्टील वूल, थोडं तेल, आणि एकाच दिशेने, पाठीकडून धारेकडे. नारिंगी गेलं, पण तीन-चार खड्डे राहिले, बाजरीच्या दाण्याएवढे. ते जायचे नाहीत म्हणालात. खिळीवरचे दोन तांबूस वॉशर मात्र जसेच्या तसे. फॉस्फर ब्राँझ, त्याला पाण्याचं काही नाही. खळग्यातला गाळ काडेपेटीच्या काडीने निघाला. आणि तिथेच माझी चोरी पकडली गेली. खिळीपाशी पिवळा, चिकट, राळेसारखा थर होता. सिंगतेल! घरात पंधरा किलोचा डबा असताना मी दुसरं तेल कशाला आणू? खाण्याचं तेल हवेने घट्ट होत जातं आणि धूळ-चिखल धरून ठेवतं. तुम्ही रागावला नाहीत, नुसतं नखाने खरवडून मला दाखवलंत.

आता खिळीला शिलाई मशीनच्या तेलाचा एकच थेंब. पट्टी जिथे पात्याला अडते ती जागा कोरडी, नाहीतर खटका घसरतो. पात्यावर केमिस्टकडचं लिक्विड पॅराफिन, कारण मी त्याच चाकूने लिंबूही कापते हे तुम्हाला माहीत आहे. टेपचा चिकटा घासलेटच्या फडक्याने पुसायचा, मग पातं धुऊन कोरडं करायचं. भाच्याने दिलेलं चामड्याचं म्यान कपाटात गेलं. ते ओल धरतं. पावसाळ्यात चाकू निजतो तुम्ही दिलेल्या व्हीसीआय कागदात. त्या कागदाची वाफ धातूवर बसून गंज रोखते हे मी आता फराळाला येणाऱ्या बायकांनाही सांगते, त्या चकल्या मोजत राहतात. उन्हाळ्यात एकदा कैरी कापून पुसायचं राहिलं आणि सकाळी पात्यावर काळा ढग दिसला. मी धावत खाली आले, तेव्हा तुम्ही म्हणालात, "काळं राहू दे. लाल दिसलं तर ये."

पैसे विचारले तर शेवउसळीची एक प्लेट मागितलीत, तीही तिखट कमी.

काका, परवापासून आवाज थोडा बदललाय. टक्क नाही, टप्प असा येतो. खीळ मी स्वतःच खोलून पाहिली, पुसली, तेल दिलं, स्क्रू पुरता आवळून मग केसभर सैल सोडला, तुम्ही सोडता तसा. पातं डुलत नाही, लालही कुठे नाही. तरी टप्प. रविवारी खाली येते, कान देऊन ऐका. तुमचा पेचकस पुराच्या आठवड्यापासून माझ्याकडेच आहे, तोही आणते.

तुमची,
वरची