सूचना : रॅम्प आणि स्वच्छतागृह मोकळं ठेवा

सर्व सभासदांना नमस्कार.

प्रवेशद्वाराजवळचा रॅम्प ही सायकली आणि किटबॅगा ठेवायची जागा नाही. १ फूट उंची चढायला निदान १२ फूट लांबीचा उतार लागतो, म्हणून तो एवढा लांब आहे. मध्ये एखादी बॅग पडली तरी व्हीलचेअर तिथेच अडते, आणि उतारावर ती मागे घेणं धोक्याचं असतं. कृपया हे मनावर घ्या.

दिव्यांगांसाठीच्या स्वच्छतागृहातही जुन्या जाळ्या, बादल्या नकोत. व्हीलचेअर वळवायला आत सुमारे दीड मीटर जागा लागते.

टेनिसमध्ये व्हीलचेअरवरच्या खेळाडूला चेंडूचे दोन टप्पे घेता येतात. हा खेळाचा अधिकृत नियम आहे, कुणी दिलेली सवलत नव्हे. त्यांच्याबरोबर जरूर खेळा, आणि मनापासून खेळा!

गोलबॉल, म्हणजे दृष्टिहीन खेळाडूंचा चेंडूचा खेळ, चालू असताना हॉलमध्ये पूर्ण शांतता हवी. खेळाडू चेंडूतल्या घुंगरांच्या आवाजावरच खेळतात. मोबाइल सायलेंटवर ठेवा, टाळ्या गोल झाल्यावर वाजवा.

मदत करण्याआधी विचारा. न विचारता कुणाची व्हीलचेअर ढकलू नका. बोलायचं ते सोबतच्या माणसाशी नव्हे, थेट खेळाडूशी बोला.

कुठे अडथळा दिसला तर स्वतः बाजूला करा, जमण्यासारखं नसेल तर लगेच कळवा.

– व्यवस्थापन समिती