बाळाची कातडी ओढू नका

महोदय,
बाळाला तेल लावताना शिश्नाची पुढची कातडी ‘मोकळी’ करायला मागे ओढतात, ते थांबायला हवे. जन्मतः ती आतल्या बोंडाला चिकटलेलीच असते. बहुतेकांची काही वर्षांत आपोआप सुटते, काहींची वयात येताना. ओढल्याने चिरा पडतात, व्रण आकसतो आणि नसलेला आजार तयार होतो. आंघोळीत बाहेरून कोमट पाणी पुरे. कातडीखालचे पांढरे दाणे म्हणजे मृत पेशी, पू नव्हे. सुटल्यावर मुलाने स्वतः, दुखणार नाही इतकीच मागे घेऊन धुवावी आणि आठवणीने पुढे आणावी. मागेच अडकून सूज आली, तर लगेच रुग्णालय. शू थेंबथेंब होणे, वारंवार लाली, टोकाशी पांढरट कडक वळे दिसणे यांसाठी डॉक्टरांना दाखवा. सुंता सुचवली, तर आधी स्टिरॉइड मलमाचे विचारा. बऱ्याचदा तेवढ्याने भागते.

– एक बालरोगतज्ज्ञ