लोहाराच्या हातात कानस दे

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

एकांकिकेचा खर्डा वाचला. आयर्लंडमधल्या किल्डेअरचा लोहार फोर्थ रॉयल आयरिश ड्रगून गार्ड्स या घोडदळ रेजिमेंटमध्ये जातो, हे चांगलं. पहिल्या महायुद्धात बेल्जियममधल्या मॉन्सजवळ २२ ऑगस्ट १९१४ ला ब्रिटिश फौजेची युरोपातली पहिली गोळी याच रेजिमेंटने झाडली. पण पुढे पानभर तू त्याला तलवारच फिरवायला लावलीस! स्वार तोही होता, पण त्याचं खरं काम घोड्याच्या पायाशी. हुद्दा 'शूइंग स्मिथ', म्हणजे आपला नालबंद. फ्रान्सला गेलेल्या पूना हॉर्ससारख्या हिंदी रिसाल्यांत त्याला नालबंदच म्हणत.

दुसऱ्या प्रवेशातला भाता काढ. गावात लोहार तापलेली नाल खुरावर क्षणभर टेकवतो आणि डाग कुठे उठला त्यावरून चढउतार कानसतो. कूच चालू असताना एवढी सवड कुठली! तयार नाल थंडच ठोकायची. प्रत्येक स्वाराच्या खोगिराला चामडी पिशवीत जादा नाला नि खिळे असत, ते याचसाठी.

आता खिळे. पुढच्या पायाला साधारण ७. बाहेरून ४, आतून ३, कारण खुराची आतली भिंत पातळ. खिळ्याच्या टोकाची उतरती बाजू आत ठेवायची, म्हणजे तो बाहेर वळतो आणि नालेच्या वर दोनेक सेंटिमीटरवर निघतो. उलटा धरलास तर थेट जिवंत मांसात. हे कानाला आधी कळतं: खुराच्या घट्ट, शिंगासारख्या भागात खिळा खणखणीत वाजतो, मऊ भागात आवाज बसतो. तिथेच थांबून तो उपसायचा, ते भोक रिकामं सोडायचं. रक्त आलं तर कोंड्याचं गरम पोटीस. तुझ्या लोहाराने या आवाजावर हात थांबवला की प्रेक्षक श्वास रोखतील, बघ.

लंगड्या घोड्यांमागे गोळ्याच असत असं नाही. सैपाकाला रसदेच्या लाकडी पेट्या जाळत, राख रस्त्यावर फेकत, आणि तिच्यातले खिळे तळव्यात घुसत. ते काढणंही याच्याच गळ्यात.

आणि खूर महिन्याला जेमतेम एक सेंटिमीटर वाढतं, म्हणून चार-सहा आठवड्यांनी नाल उतरवून खूर छाटावंच लागतं. तू त्याला वर्षभर एकच नाल दिली आहेस, तेवढं बदल.

तुझा,
बाबा