संगीत की उदबत्ती?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या रविवार पुरवणीतली पन्नास अल्बमची यादी वाचली. दोनदा वाचली, कारण पहिल्यांदा वाटले की आपला चष्म्याचा नंबर वाढला असावा. पन्नासातल्या निदान वीस ठिकाणी शिफारस एकच : 'मागे लावून ठेवायला छान.' स्वयंपाक करताना मागे, गाडी चालवताना मागे, पाऊस पडत असताना मागे. संगीत म्हणजे उदबत्ती आहे का हो?

'कॉल ऑफ द व्हॅली'चेच घ्या. १९६७ ची तबकडी. आपल्या लेखकमहाशयांनी तिला 'पावसाळी संध्याकाळ, गरम भजी आणि संतूर' असे प्रमाणपत्र दिले आहे. अहो, तो काश्मिरातल्या एका मेंढपाळाचा अख्खा दिवस आहे. पहाटेच्या अहिरभैरव रागाने सुरू होतो आणि नटभैरव, पिलू, भूप, देस करत रात्री पहाडीला जाऊन टेकतो. अहिरभैरव भज्यांबरोबर! आमच्या वडिलांनी समोरचे ताट उचलून नेले असते. शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसिया यांची नावे ठळक अक्षरांत आहेत, ती हवीतच. पण मांडीवर गिटार आडवी ठेवून वाजवणारे ब्रिजभूषण काब्रा मात्र 'आणि इतर'. आणि एचएमव्हीत बसून ज्यांनी ही तबकडी घडवून आणली ते जी. एन. जोशी तर इतरांतही नाहीत. 'रानारानांत गेली बाई शीळ' गाणारे तेच जोशी. इंग्रजी पेपरने हे केले असते तर मी पत्र लिहायला बसलो नसतो.

तरी इथपर्यंत मी शांत होतो. मग अमेरिकेचा जॅझ ट्रम्पेटवाला माइल्स डेव्हिस आला. 'काइंड ऑफ ब्ल्यू : ऑफिसातून दमून आल्यावर रिलॅक्स होण्यासाठी.'

या रिलॅक्स होण्याने माझी पेटी सुटली, ते सांगतो.

१९८६ साल असेल. ओझरच्या मिग विमानांच्या कारखान्यात नोकरीला असलेल्या एका स्नेह्यांकडे ही एलपी होती. त्यांच्याकडून मी ती कॅसेटवर उतरवून घेतली आणि नाशिकरोडच्या दोन खोल्यांत महिनाभर दुसरे काही वाजू दिले नाही. घरात आजोबांची पेटी होती. गणेशोत्सवात गल्लीतल्या भजनाला पेटीवर मीच बसत असे, त्यामुळे अंगात थोडी रग होती. म्हटले, ही पहिली रचना पेटीवर धरून बघू. पांढरी दोन ही पट्टी धरली तर सूर कमी पडतो. काळी दोन धरली तर जास्त होतो. मधली पट्टी पेटीला असते कुठे? आधी टेपरेकॉर्डरवर संशय घेतला. भद्रकालीत नेऊन त्याचा पट्टा बदलून घेतला. फरक शून्य. गंमत म्हणजे कॅसेटच्या शेवटच्या दोन रचना पेटीशी तंतोतंत जुळत होत्या, पहिल्या तीन मात्र हटून बसलेल्या. मग पेटी दुरुस्त करणाऱ्याला घरी बोलावले. त्याने सगळे सूर तपासले, भात्याला दोन टिचक्या मारल्या आणि म्हणाला, "पेटी चोख आहे साहेब. कान दाखवून घ्या." वर वीस रुपये घेतले.

मी कान दाखवले नाहीत, पण त्या वर्षी भजनाला पेटीवर बसलो नाही. पुढच्या वर्षीही नाही. शेजारचा मुलगा बसायला लागला आणि मी टाळ घेऊन मागे गेलो.

बऱ्याच वर्षांनी एका लेखात वाचले तेव्हा उलगडा झाला. हा अल्बम न्यूयॉर्कमध्ये दोन बैठकांत ध्वनिमुद्रित झाला, २ मार्च आणि २२ एप्रिल १९५९ ला. पहिल्या बैठकीच्या दिवशी टेपचे यंत्र किंचित हळू चालत होते. ती टेप योग्य गतीने वाजवली की सूर आपोआप चढे लागतात. पहिल्या बैठकीतल्या तीन रचना म्हणजेच पहिली बाजू. १९५९ पासून जगभर ती चढ्या सुरातच विकली गेली आणि चूक दुरुस्त झाली १९९२ मध्ये! म्हणजे माझे कान बरोबर होते, माझी पेटी बरोबर होती, भद्रकालीतला तो पट्टासुद्धा बरोबर होता. चुकली होती एक बलाढ्य अमेरिकन कंपनी. हे सांगायला मी त्या पेटीवाल्याला शोधत गेलो, तर त्याच्या जागी मोबाइलचे दुकान होते.

आता सांगा, आपल्या लेखकाच्या सल्ल्याने मी ही कॅसेट मागे लावून ठेवली असती तर यातले काही मला कळले असते का? (पेटी सुटली नसती, हेही खरे. सौ. शेजारून तेच म्हणत आहेत.)

रॉकमधले मला फार कळत नाही, जे ऐकले ते मुलाने ऐकवले. पण पिंक फ्लॉइडच्या 'डार्क साइड ऑफ द मून'मध्ये मध्येच कितीतरी घड्याळांचा गजर एकदम होतो, तेव्हा सौ. हातातले लाटणे घेऊन बाहेर आल्या होत्या. ही तबकडीही आपल्या यादीत 'झोपण्यापूर्वी' या सदरात आहे. घालणाऱ्याने ती ऐकली आहे का, एवढेच विचारतो. बीटल्सच्या 'ॲबी रोड'ची दुसरी बाजू सलग ऐकावी असे लिहिले आहे, ते मात्र मान्य. संपूर्ण पानात तेवढे एक वाक्य ऐकून लिहिलेले वाटले. गझलांबद्दल माझे भांडण नाही, मला त्या पूर्वीपासून रडक्या वाटतात. कुमार गंधर्वांची निर्गुणी भजने 'ध्यानधारणेसाठी'! क्षयाने खाटेला खिळलेला माणूस देवासला पडल्या पडल्या नाथपंथी भिक्षेकऱ्यांचे सूर ऐकत राहिला, त्यातून आलेले गाणे आहे ते. ऐकले की माझी तर झोप उडते.

आणि नाशकातून निघणाऱ्या पुरवणीत गायक द. वि. (बापूराव) पलुसकर नाहीत! बापूरावांचा जन्म नाशिकचा, १९२१ चा. वडील विष्णु दिगंबरांचा रामनाम आधार आश्रम इथलाच. वयाच्या अवघ्या चौतिसाव्या वर्षी, १९५५ मध्ये, बापूराव गेले. अल्बम काढायला त्यांना वेळच मिळाला नाही, असे आपण म्हणाल. पण तीन-साडेतीन मिनिटांच्या तबकडीत ते राग मांडून, फुलवून, वर समेवर हसून मोकळे होत. 'बैजू बावरा'त आमीर खाँसाहेबांसमोर कोणाचा गळा उभा राहिला, ते तरी आठवायचे. त्यांच्या तबकड्या मागे लावून ठेवता येत नाहीत. भाजीला फोडणी देईपर्यंत संपतात.

मागच्या खेपेला माझ्या पत्राचे शेवटचे दोन परिच्छेद आपण जागेअभावी गाळलेत. या वेळीही जागा नसेलच. तेव्हा पेटीचे गाळा, पलुसकरांचे ठेवा.

आपला,
एक जुना वर्गणीदार,
पंचवटी, नाशिक

ता. क. : शब्दकोड्याची उत्तरे तीन आठवडे छापलेली नाहीत. आडवा शब्द चौदा, 'एक तंतुवाद्य, तीन अक्षरी'. सतार, संतूर आणि सारंगी तिन्ही बसतात. आपल्याला नक्की कोणते हवे आहे?